रोवणीला सात मात्रा

प्रोग्रेसिव्ह रॉक हे संगीत धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, चालत नाही. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून पुढच्यांच्या सोयीसाठी मीच लिहून ठेवतो.

मी राहणारा शहापूरचा. भंडाऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. नागपूरला शिकत असताना होस्टेलवर माझा रूममेट सकाळ-संध्याकाळ हे संगीत लावून बसायचा. वैतागून मी खोली बदलून मागितली. ती मिळाली तेव्हा मीच नको म्हणालो. बिघडलो होतो!

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगतो. (थोडक्यात हा शब्द या संगीतात नाही.) यातलं एक गाणं अर्धा अर्धा तास चालतं. गायक दोन ओळी म्हणून कुठेतरी उठून गेल्यासारखा नाहीसा होतो. आपण चार मात्रा धरून मांडीवर ठेका द्यावा तर सात निघतात. सातची सवय होते न होते तोच पाच! यात एक अपार आनंद आहे. पण तो एकट्याने घेऊन पोट भरत नाही, दुसऱ्याला द्यावासा वाटतो. आणि दुसरा घेत नाही.

म्हणून मी नवख्यांसाठी एक प्लेलिस्ट तयार केली. नाव ठेवलं, ‘हळूहळू’. वर्गात अवघड धडा शिकवावा तशी रचना. आधी सोपं, मग थोडं वाकडं, मग जास्त वाकडं आणि शेवटी ते एक महाप्रचंड गाणं, जे पूर्ण ऐकलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी त्यात घातली. गाण्यांचा क्रम लावत, मोडत, पुन्हा लावत. पहिली नवखी अर्थातच बायको, सुषमा. तिच्या कानात मी स्वतःच्या हाताने इअरफोन घातले आणि समोर खुर्ची टाकून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “सुरू नाही झालं जी अजून.”

“सुरूच आहे ना!”

“मले वाटलं नेट अटकलं.”

“अगं, ही प्रस्तावना आहे. ऐक तर. आता बघ कसं उलगडतं ते.”

आणखी थोडा वेळ गेला. तिने इअरफोन काढून माझ्या हातात दिले. “उलगडलं का मले सांगजा. भाजी लागून राहिली माही.”

मग मी कॉलेजच्या स्टाफच्या ग्रुपवर लिंक टाकली. त्यावर एकच प्रतिसाद आला. मराठीच्या सरांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मी ते कौतुक समजून दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी गाणी सुचवली, तेव्हा ते म्हणाले की ते हात कौतुकाचे नव्हते.

अशा परिस्थितीत रोवणीचे दिवस आले. सुषमाचं माहेर साकोलीजवळ एकोडीला. माझे सासरे, म्हणजे मामाजी, धानाचे पक्के शेतकरी. रोवणीला बाया मिळवणं हे आमच्याकडे मुलाला मुलगी मिळवण्यापेक्षा कठीण झालं आहे. सगळ्या गावाचे पऱ्हे, धानाची रोपं, एकाच वेळी लावायला येतात आणि बाया तेवढ्याच. त्यामुळे बाया आता निवडून शेत धरतात. चहा कुठे चांगला, सावली कुठे जवळ, आणि मुख्य म्हणजे गाणी कुठे वाजतात. मामाजींनी यासाठी चाकं लावलेला एक मोठा स्पीकर घेतला होता. लग्नात असतो तसला, रंगीत दिवे चमकणारा.

त्या रविवारी तर मामाजींची परीक्षाच होती. कृषी कार्यालयाचे साहेब त्यांच्या शेतातली दोरीवरची रोवणी पाहायला आणि फोटो काढायला येणार होते. म्हणजे बांधीत, धानाच्या खाचरात, आडवी दोरी ताणायची, दोरीला लागून सगळ्या बायांनी रोपं लावायची, मग दोरी मागे सरकवायची. ओळी कशा, पट्टीने आखल्यासारख्या! गावात मामाजी आठवडाभर याशिवाय दुसरं बोलले नव्हते. साहेबांना आणायला ते मोटरसायकल घेऊन साकोलीला निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, “जवाईबापू, तुम्ही फक्त एक काम करा. बायाले खुश ठेवा. गाणे बंद नाही झाले पायजे.”

सुषमाने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. “अन् तुमचे ते गाणे तर बिलकुल लावू नका!”

“छे छे,” मी म्हणालो. आणि खरंच सांगतो, तेव्हा माझ्या मनात तसं काही नव्हतं.

बांधीवर पोचलो. बाया साड्या खोचून पाण्यात उतरलेल्या. त्यांची म्होरकी सगुणाबाई. गडगडीत आवाज, आणि तिने ‘चला’ म्हटलं की सगळ्या बाया त्या शेतातून उठून दुसऱ्या शेतात जातात अशी तिची ख्याती. मी स्पीकर लावला. पेनड्राइव्ह वाजेना. (तो मामाजींच्या शर्टाच्या खिशात राहून धुण्यातून निघाला होता, हे मागाहून कळलं.) मी मोबाइल काढला. शेतात नेटवर्कचा पत्ता नाही. माझ्या मोबाइलमध्ये नेटशिवाय वाजेल असं एकच काही उतरवून ठेवलेलं होतं.

‘हळूहळू’.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? गाणी बंद पडू द्यायची नव्हती. समोर पंधरा-वीस नवख्या बाया ओळीने उभ्या, पाय चिखलात रुतलेले. उठून जाणं सोपं नाही! आयुष्यात असा श्रोतृवर्ग मला मिळाला नव्हता. मी बोट टेकवलं.

काहीच ऐकू आलं नाही.

“डब्बा बिघडला का जी?” सगुणाबाईने विचारलं.

“नाही, सुरू आहे. प्रस्तावना आहे.”

“कोन आहे?”

तेवढ्यात प्रस्तावना संपली. या गाण्याच्या सुरुवातीला आकाश गडगडतं, हे मी साफ विसरलो होतो. खोलीत इअरफोनवर ते फार काव्यमय वाटतं. मामाजींच्या स्पीकरवर ते असं कडाडलं की धुऱ्यावर (शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो) बांधलेल्या बैलाने दावं तोडायची तयारी केली!

“इज पडते वो माय!” कोणीतरी ओरडलं. हातातल्या पऱ्ह्यांच्या पेंड्या टाकून सगळ्या बाया चिखल उडवत धावत सुटल्या आणि शेताच्या कोपऱ्यातल्या खोपडीत शिरल्या. वीज पडण्याची आमच्याकडे थट्टा नसते. मी उन्हात एकटा उभा. आभाळात ढगाचा तुकडा नाही. स्पीकर गडगडतो आहे.

“बाई, बाहेर या! ते गाण्यातलं आहे!” मी हात हलवत ओरडलो.

खोपडीतून सगुणाबाईचं फक्त डोकं बाहेर आलं. तिने आधी आभाळ पाहिलं, मग स्पीकर, मग मला. “गान्यात इज कायले टाकते जी मानूस?”

याला माझ्याकडे एक दीर्घ उत्तर होतं. पण वेळ ओळखून मी आधी बैलाचं दावं घट्ट केलं.

बाया बडबडत परत उतरल्या. आता ढोल सुरू झाले होते आणि मला वाटलं, जमलं. या बाया गाण्याच्या ठेक्यावर काम करतात. एक-दोन-तीन-चार, रोपं लावली, दोरी मागे. एक-दोन-तीन-चार, दोरी मागे. इतकं सुंदर काम की बघत राहावं. पण गाणं सातचं! सातव्या मात्रेनंतर पुन्हा ‘एक’चा ठोका पडला की दोरी धरणाऱ्या दोघी सवयीने दोरी ओढायच्या, तेव्हा अर्ध्या बायांची रोपं हातातच असायची. ज्यांची लावून झाली त्या मागे सरकायच्या, ज्यांची राहिली त्या जागेवरच. बाया एकमेकींवर आदळायला लागल्या.

“ढकलतं काहून वो?”

“मी नाही ढकलत, तो बाजा ढकलते!”

“गानं लंगडं आहे हे,” सगुणाबाईने निकाल दिला.

हे मात्र माझ्याच्याने ऐकवलं नाही. लंगडं! मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधीत उतरलो. “लंगडं नाही बाई, सात मात्रांचं आहे. असं मोजा. एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. या ‘तीन’ला दोरी सरकवायची. चला, माझ्यासोबत!” आणि मी हातात पेंडी घेऊन वाकलो. शिक्षकाचा पेशा वाईट. समोर माणसं ओळीत उभी दिसली की शिकवल्याशिवाय राहवत नाही.

आणि काय सांगू, त्यांना जमलं! बाया हसत होत्या, लाजत होत्या, पण मोठ्याने म्हणत होत्या, “येक-दोन, येक-दोन, येक-दोन-तीन!” एकोडीच्या बांधीत प्रोग्रेसिव्ह रॉकवर रोवणी चालली होती. माझे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांना ओळी नीट दिसत नाहीत, ही त्यातली अडचण. शिवाय मधूनच गाणं पाचावर जायचं, मग दोरी तिरपी व्हायची. पुन्हा सातावर यायचं, मग ती दुसऱ्या बाजूने तिरपी व्हायची. मी म्हणायचो, “वा! वा!”

असे आम्ही शेवटच्या महाप्रचंड गाण्यापर्यंत पोचलो. तोवर चहाची वेळ झाली होती. धुऱ्यावर किटली वाट बघत होती. सगुणाबाई म्हणाली, “हे गानं सरलं का चा पिऊ.” शेतावरची रीतच तशी. गाणं संपलं की चहा.

 त्या गाण्याची लांबी मला माहीत होती.

बराच वेळ गेल्यावर गाणं थांबलं. बायांनी कंबर सरळ केली, हात धुतले, धुऱ्यावर चढल्या, पेले हातात घेतले. गाणं पुन्हा सुरू झालं! (ते संपलेलं नव्हतं. असं भासवतात. याला फार मान आहे.) बाया एकमेकींकडे बघत पुन्हा उतरल्या. वाकल्या. गाणं पुन्हा थांबलं. पुन्हा वर. पेले पुन्हा हातात. चहा ओतणार, तोच धडाड्‌धूम!

सगुणाबाईने पेला खाली ठेवला. कमरेवर हात घेतले. “जवाईबापू, चा न पाजाची हे नवीन तऱ्हा काढली का तुम्ही?”

“नाही हो बाई, हा गाण्याचा भाग आहे!”

“आमाले येडं समजून राहिले काय? चला वो बायाहो! पल्याड धुमाळ वाजून राहिला, तिकडं जाऊ.”

आणि खरंच, शेजारच्या शेतातून वरातीतला धडाकेबाज बाजा ऐकू येत होता. चार मात्रांचा.  बाया गेल्या तर बांधी अर्धी राहणार, साहेब येणार आणि मामाजी गावात तोंड दाखवू शकणार नाहीत! मी गाणं बंद करायला धावलो. म्हणजे धावायचा विचार केला. पाय चिखलातून निघेनात. उजवा ओढला तर डावा खोल गेला. डावा ओढला तर मीच बसलो. छातीपर्यंत चिखल आणि वर स्पीकरमधून तो गायक, इतका वेळ कुठे गेला होता कोण जाणे, नेमका परत येऊन गायला लागला!

त्याच वेळी डोक्यावर जेवणाची टोपली घेऊन सुषमा आली. तिने धुऱ्यावर चिडलेल्या बाया पाहिल्या, चिखलात बसलेला नवरा पाहिला. तिने टोपली खाली ठेवली. माझा मोबाइल बंद केला, स्वतःचा जोडला, त्यात उतरवून ठेवलेली लग्नातली गाणी लावली आणि किटली उचलून सगळ्यांना चहा दिला. मग बायांना म्हणाली, “मावशी, माह्या तोंडाकडे पाहून माफ करा. मनानं चांगले हायेत थे.”

‘पण’ ती बोलली नाही. सगळ्यांना ऐकू आला.

बाया उतरल्या आणि बघता बघता बांधी संपवली. शेवटच्या ओळी सरळ आल्या. आधीच्या मात्र तशाच राहिल्या. आणि मोटरसायकल आली.

मामाजी आणि साहेब धुऱ्यावर येऊन उभे राहिले. समोर धान लागलं होतं ते नागमोडी. एक लाट इकडे, एक लाट तिकडे, मध्ये एक जागा जिथे मी पडलो होतो. साहेबांनी टोपी मागे सारली. “ही कोणती पद्धत आहे?”

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून चिखलातच होतो. “काय म्हन्ते जी त्याले, जवाईबापू?”

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, “प्रोग्रेसिव्ह.”

“प्रोग्रेसिव्ह,” मामाजी साहेबांना म्हणाले. अत्यंत गंभीरपणे!

साहेबांनी मान डोलावली, फोटो मात्र सरळ ओळींचे काढले आणि चहा घेऊन गेले. ते गेल्यावर मामाजी मला काहीही बोलले नाहीत. जावयाला बोलत नाहीत. ते बैलाजवळ गेले आणि त्याला बराच वेळ बोलले. “अक्कल नावाची गोष्ट नाही तुले! लोकं कामाले आले, अन् तू खेळ करून राह्यला!” बैल माझ्याकडे बघत होता.

मी घरी आलो आणि मनाशी ठरवलं, हा विषय संपला. पण धान पोटरीला येऊन लोंब्या धरू लागलं तेव्हा मामाजींचा फोन आला. “जवाईबापू, थे गडगडाचं गानं पाठवा बरं मले.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “तुम्हाला आवडलं?”

“रानडुकरं घुसून राहिले धानात. फटाक्याले नाही भीत. तुमचं थे गानं लावून पाहतो.”

मी ‘हळूहळू’ अख्खी पाठवून दिली. चार-आठ दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन. आवाजात पहिल्यांदाच माझ्याबद्दल आदर होता. “भल्ला उपयोग झाला! सांजच्या पारी स्पीकर सुरू केला का सारे पयतात. पार जंगलापर्यंत.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “एक डुक्कर मात्र नाही पयत. धुऱ्यावर उभा राह्यते. पुरं आयकते अन् मंग जाते.”

“शेवटचं मोठं गाणंसुद्धा?” मी विचारलं.

“थे तर बसून आयकते.”

फोन ठेवला. सुषमा समोरच होती. “एवढे कायले खुश झाले जी?” तिने विचारलं. मी सांगितलं. ती हसून हसून भिंतीला टेकली. हसू दे. मी त्या डुकरासाठी दुसरी प्लेलिस्ट करायला घेतली आहे. जरा अवघड. त्याची तयारी आता चांगली आहे.