वजीरला कोण सोडणार होतं

गहिनीनाथ डॉक्टर माणसांशी खाली बघून बोलायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "सवय हो नाना. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नसतो. त्याला वाटतं, भांडायला आलाय. तीस वर्षं तेच केलं, आता माणसाकडं बी वर बघवत न्हाई."

ते सिरसाळ्याच्या आमच्या दूध संस्थेचे गुरांचे डॉक्टर. मूळचे धर्मापुरीचे. नेमणूक गायी-म्हशींसाठी होती, पण सकाळी दूध घालायला येणारी माणसं कॅनबरोबर शेळी, कोंबडी, कुत्रं असं काहीही घेऊन यायची आणि डॉक्टर कुणाला परत पाठवायचे नाहीत. मी तेव्हा नुकताच गावी परतलो होतो. नाटक कंपनीत उभं आयुष्य गेलं. गावोगावच्या जत्रांत मी राजा झालो, डाकू झालो, सासरा झालो. मग गुडघे गेले आणि कंपनीही बसली. चेअरमननी मला संस्थेच्या माईकवर बसवलं. पेंड आली, लस आली की मी पुकारायचं. भोंगा कोंड्याच्या पोत्यांच्या खोलीवर बांधलेला होता, पण माझ्यासाठी तोच रंगमंच होता.

डॉक्टरांच्या सूचना मीच वाचायचो, कारण त्यांचा स्वतःचा आवाज दोन हातांपलीकडं जात नसे. कुत्रं चावलं तर जखमेत चटणी, चुना भरू नका, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. गोचिडावर कपाशीचं औषध ओतू नका, कुत्रं अंग चाटतं, मरेल. गरीब कुत्रं एकाएकी गुरगुरायला लागलं तर त्याला मारू नका, त्याचं कुठं दुखतंय ते बघा.

एकदा आसाराम आपलं कुत्रं दोरीनं ओढत घेऊन आला. "डॉक्टर, हे येडं झालंय. दिसभर नुसती जमीन उकरतंय."

डॉक्टर कुत्र्याशेजारी उकिडवे बसले. "येडं न्हाई, शानं हाय. खालची माती गार असती. तू बी उकर अन् बस त्यात."

"म्या बसलो तर रानात कोण जाईल?"

"रानात हाय काय आता?"

आसाराम हसला, पण रानात खरंच काही नव्हतं. ते २०१२ साल होतं. बाजरी वीतभर होऊन करपली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि चाळीस कॅन दूध गोळा करणाऱ्या आमच्या संस्थेत नऊ कॅन भरत होते. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. त्या वर्षी जवळजवळ सगळी निघाली.

गाडीत माणसं, गोधड्या, भांडी, शेळ्या, सगळं भरतात. कुत्र्याला जागा नसते. ते गाडीमागं धावतं. आदल्या वर्षी परळीच्या रस्त्यावर अशी तीन कुत्री ट्रॉल्यांखाली गेली होती, आणि तिन्ही डॉक्टरांनी स्वतः उचलून पुरली होती. या वर्षी एकही जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. दसऱ्याच्या आधी त्यांनी मला एक कागद आणून दिला. त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: गाडी भरायला लागली की कुत्रं घरामागं बांधा, म्हणजे ते मागं धावणार नाही. गाडी गेल्यावर तासाभरानं सोडायला मागं राहणारा माणूस नेमून जा. माणूस नसेल तर मला सांगा, मी येऊन सोडीन.

पहिल्या दिवशी मी सगळा कागद वाचला. पहिल्या वाक्याला मी आवाज चढवला, "घरामागं बांधा" म्हणून थांबलो, आणि दूध घालणाऱ्या बायाही हातातलं माप धरून थांबल्या. अशी शांतता मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. पुढची दोन वाक्यं वाचली तेव्हा मात्र सगळ्या पुन्हा कॅनकडं वळल्या. दुसऱ्या दिवसापासून मी "बांधा" वरच सोडलं. कंपनीत आम्ही हेच शिकलो होतो. परिणाम झाला की तिथंच पडदा पाडायचा. सात दिवस मी तेवढंच पुकारलं. डॉक्टर त्या आठवड्यात लसीकरणासाठी बाहेर होते. त्यांनी मला ऐकलं नाही.

गाड्या गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना भिवराबाईचा फोन आला. धर्मापुरीच्या वाटेवर माळावर सात घरांची वस्ती आहे, तिथली ही म्हातारी. एरवी गाड्या गेल्या की म्हातारी माणसं मागं राहायची. त्या वर्षी वस्तीवर टँकर येत नव्हता, म्हणून लेक बिभीषण तिलाही कर्नाटकात घेऊन गेला होता. मुकादमाच्या मोबाइलवरून ती बोलत होती. फोनमधून आवाज इतका मोठ्यानं येत होता की मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"डाक्टर, आमच्या वजीरला कदी सोडलं वो तुमी? खातोय का काई?"

"कुठं बांधलाय, मावशी?"

"लिंबाला, घरामागं. संस्थेनं सांगितलं बांधा म्हून. मंग संस्थेचाच मानूस येनार की सोडाया. बिभीषन बी तसंच म्हनला."

डॉक्टरांनी माझ्याकडं वर बघितलं. त्यांनी असं पुन्हा कधी बघितलेलं मला आठवत नाही. "चला नाना," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसलो.

वस्तीवर सातही घरांना कुलपं होती. घरामागं लिंबाखाली वजीर कुशीवर पडला होता. पाण्याची घागर साखळीत अडकून कलंडली होती. साखळी पोचेल तेवढी सगळी माती त्यानं उकरली होती. गळ्याभोवतीचं कातडं निघालं होतं. आमची चाहूल लागली तशी त्यानं शेपूट एकदा हलवली.

डॉक्टरांनी आधी साखळी सोडली. बोटानं त्याच्या हिरड्या ओल्या केल्या, एकदम पाणी पाजू नका म्हणाले, आणि पायाला सलाईन लावलं. बाटली टांगायला खाली आलेली फांदी नव्हती. मी ती हातात धरून उभा राहिलो. रंगमंचावर हात उंच करून मी अनेकदा उभा राहिलोय, पण तिथं हात दोन वाक्यांत खाली यायचा. दोन तास डॉक्टर त्याच्या कानामागं खाजवत हळू काहीतरी बोलत राहिले. बाटली निम्मी झाली तेव्हा त्यांचा हात थांबला.

"बाटली खाली घ्या," ते म्हणाले.

मी घेतली. मग म्हणालो, "डॉक्टर, मी कागद पुरा वाचत नव्हतो. बांधा म्हणून थांबत होतो."

ते साखळीची कडी पुसू लागले. "किती दिवस?"

"सात."

ते उठले. मोटारसायकलवरून तडक उरलेल्या वस्त्यांवर निघाले आणि मला म्हणाले, तुम्ही इथंच खड्डा घ्या, मी येतो. संध्याकाळपर्यंत त्यांनी चौदा कुत्री सोडली. त्यातली दोन जगली नाहीत. परत येऊन त्यांनी माझ्यादेखत भिवराबाईला फोन लावला.

"मावशी, वजीर गेला. माजं चुकलं. सोडायचं सांगायचं माज्याकडनं ऱ्हायलं."

पलीकडून म्हातारी म्हणाली, "त्यो आमची वाट बगत हुता का वो?"

"व्हय," डॉक्टर म्हणाले. दुसरं खोटं त्यांना जमलं नाही.

मार्चात माणसं परतली. संस्थेच्या ओट्यावर बिभीषण डॉक्टरांना चारचौघांत नको ते बोलला. डॉक्टर खाली बघून ऐकत राहिले. मी उठून खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात दाबला. त्या दुपारी मी एकटा वस्तीवर जाऊन भिवराबाईला सगळं सांगितलं. तिनं मला चहाही दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

डॉक्टर माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. चहा पाजायचे, गुडघ्याला तेल आणून द्यायचे. पेंडीच्या, लसीच्या सूचना माझ्याकडंच होत्या. पण पुढच्या दसऱ्याला ते स्वतः माईकसमोर येऊन बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जरा सरका नाना." त्या दोन हातांपलीकडं न जाणाऱ्या आवाजात, अडखळत, त्यांनी कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. सोडणाऱ्या माणसाचं वाक्य दोनदा वाचलं. बाया आपापसात बोलत होत्या, मापं वाजत होती. मी बाजूला बसून ऐकत होतो.