अंगठ्याने पुसलेली कड

कॉम्प्युटर तेव्हा इतका नवा होता की त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. जिल्ह्याचे भूजलाचे नकाशे त्यात चढवायचं माझं काम. जिथलं जमिनीखालचं पाणी फार उपसलं गेलंय, ते पट्टे नकाशावर पेन्सिलीने काळे केलेले असत. तिथे नव्या विहिरीला परवानगी नसे. प्रत्येक शेतासमोर आम्ही एकच आकडा टाकायचो: पट्ट्यात असेल तर एक, बाहेर असेल तर शून्य.

एका दुपारी काटोलकडचे एक संत्रा बागायतदार माझ्या टेबलाशी आले. बाग वाळत होती आणि विहिरीचा अर्ज फेटाळला गेला होता.

"बांधापलीकडच्याले विहीर भेटली, बाई. मले काहून नाही? कोनाच्या सांगण्यावरून रेघ मारून राहिले तुमी?"

"पाहते," एवढंच मी म्हणाले. ते काहीतरी लपवताहेत असं मला वाटलं. मग वाटलं, आमचे सीनियर लपवताहेत. काटोलचा भाग कॉम्प्युटरमध्ये त्यांनीच चढवला होता.

चहाच्या सुट्टीत मी मूळ नकाशा काढला. त्यात रेघ नव्हतीच. जिथे मोजलेल्या विहिरींच्या खुणा होत्या, तिथे पट्ट्याची कड ठळक होती. जिथे एकही खूण नव्हती, तिथे काळा रंग अंगठ्याने पुसून फिका केला होता. इथलं माहीत नाही, असं नकाशा काढणाऱ्याने आपल्या परीने सांगितलं होतं. बागायतदारांचं शेत नेमकं त्या फिक्या भागात.

"मशीनले फिकं समजत नाही, मॅडम," सीनियर म्हणाले. "आपण फिक्याच्या बाहेरूनच रेघ घेतो, फिकंही पट्ट्यातच धरतो. सगळीकडे."

"नऊ टाकू?" नऊ म्हणजे 'माहिती नाही'; नियमात तो आकडा होता, पण कोणी टाकत नसे.

त्यांनी अर्जावरचं नाव पाहिलं. "तो तुमच्या नात्यातला आहे का?"

"नाही."

"मग काहून? टाका. पण शेऱ्यात तुमचं नाव लिहा."

मी लिहिलं. नऊ असलेल्या अर्जावर निकाल देता येत नसे. आधी माणूस पाठवून आसपासच्या विहिरी मोजाव्या लागत. पाहणीचं पत्र घ्यायला बागायतदार स्वतः आले आणि उभ्याउभ्याच त्यांनी ते वाचलं.

"म्हंजे माह्या वावराचं तुमाले अजून माहीतच नाही?"

"नाही."

"मंग आधी नाही कसं म्हनलं?"

त्यांनी पत्र घडी करून टोपीत ठेवलं.

"मोजतानी मी तिथंच उभा राहीन, बाई. तुमच्या मानसाच्या बाजूले."