निरोगी रक्त
स्पिरिटचा वास आला की वाघोलीतली ती भाड्याची खोली आठवते. सिकलसेल हा आनुवंशिक आजार ओळखणारं स्वस्त, टिफिनएवढं यंत्र आम्ही मित्र तिथे बनवत होतो. चाचणीला निरोगी रक्त हवं असलं की आमच्यातलाच कुणीतरी बोट पुढे करायचा. त्या दुपारी एका मित्राने केलं, तर पडद्यावर ‘वाहक’ उमटलं, म्हणजे स्वतः आजारी नाही, पण दोष मुलांना देऊ शकणारा. म्हणून यंत्राची खात्री करायला, त्याला भेटायला आलेल्या त्याच्या गरोदर बायकोचं बोट टोचलं, पुन्हा ‘वाहक’. “चला, याला आता अख्खं पुणं आजारी दिसणार,” म्हणत आम्ही हसत हसत यंत्र खोलायला घेतलं. ती हसली नाही. “अरे, पण दोघंही वाहक असले तर बाळाला आजार होऊ शकतो ना?” “अगं, यंत्र बिघडलंय,” तो म्हणाला. आज ते यंत्र गावोगाव अचूक निदान करत फिरतं. त्या दुपारचा बिघाड आम्हाला अजून सापडलेला नाही.