काठाची पुंगळी

रिटायर झालेली तीन माणसं एका बाकावर बसली की किस्से आपोआप साठत जातात. कपाटाच्या तळाशी जुन्या पिशव्या साठतात ना, तसे. टाकवत नाहीत आणि कोणी मागतही नाही. आमचा बाक वर्तकनगरच्या बागेत आहे. महिन्यातून एका रविवारी डोंबिवलीजवळच्या गावातून गणपत भोईर येतो, माजिवड्याहून पास्कल येतो, आणि मी समोरच्या बिल्डिंगमधून खाली उतरतो.

आम्ही तिघं एकाच कारखान्यात होतो, कल्याणच्या पुढे. नाव सांगत नाही. भरती होताना बाहेर काही बोलणार नाही असं लिहून दिलं होतं, आणि तो कागद अजून कोणी परत केलेला नाही!

आमच्या शॉपचं, म्हणजे खात्याचं, काम एकच. थ्री नॉट थ्री रायफलच्या काडतुसाची पितळी पुंगळी बनवायची. पास्कल भट्टीवर, पितळ नरम करायचा. भोईर प्रेसवर, पुंगळीच्या बुडाला काठ काढायचा आणि ठसा मारायचा. मी पाहणीत. टेबलावर पुंगळ्या यायच्या, त्यात चीर, डाग, खड्डा दिसला की ती बाजूला टाकायची. सातवी शिकलेल्या माणसाला नुसतं बघण्याचं काम मिळालं, अजून काय पाहिजे!

दारू आणि गोळी मात्र आमच्याकडे नव्हती. ती दुसऱ्या गावच्या कारखान्यात भरायचे. म्हणजे आम्ही जन्मभर रिकामंच बनवलं. भरलेलं काडतूस तिघांपैकी एकानंही कधी हातात धरलं नाही. उडालेलं तर लांबच राहिलं.

भोईरला तेवढंच पाहिजे होतं. आता त्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे, माणसं सावलीसारखी दिसतात. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, आहे तेवढं टिकवा, गेलेलं येणार नाही. तर हा बाकावर येऊन म्हणायचा, "डोलं गेलं तर जावदे. हात हायेत ना. आपली उडालेली पुंगळी एकदा हातान् घ्याची हाय. गरम हाय तंवर. मंग परत देईन."

*

भोईरच्या घरी कोणाला काही माहीत नव्हतं. आनंदीवहिनींना एवढंच ठाऊक, की नवरा पितळेच्या कारखान्यात आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वहिनींनी भर बैठकीत जाहीर करून टाकलं, "पितळेची भांडी आमच्या ह्यांच्याकडनं!"

भोईर अडकला. आता बायकोला काय सांगणार, की आमच्याकडे हंडे होत नाहीत? मग काय होतं, असं तिनं विचारलं असतं. गुपचूप कल्याणच्या बाजारात गेला आणि हंडा-कळशी घेऊन आला.

मांडवात सासऱ्यांनी हंडा पाटावर ठेवला. हंडा डुगडुगायला लागला. सासऱ्यांनी तो उलटा केला, बुडावर हात फिरवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "जावईबापू, तुमच्या कारखान्यात बूड कोण करतो?"

भोईर मान खाली घालून म्हणाला, "मीच."

*

आमच्याकडे शिफ्ट सुटताना मोजणी व्हायची. एक पुंगळी जरी कमी आली तरी गेट बंद. एकदा अशीच एक कमी आली. देसले नावाचे आमचे चार्जमन होते, भारी कडक. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. खिसे उलटे, चपला काढल्या, डबे उघडले. पास्कलच्या डब्यातल्या सुकटाच्या चटणीतसुद्धा बोट घालून बघितलं!

दीड तास झाला. देसलेसाहेब हातात कागद-पेन्सिल घेऊन रांगेतून फिरताहेत, नावावर खूण करताहेत, पेन्सिल आमच्या नाकासमोर नाचवताहेत. "चोर तुमच्यातलाच आहे! मी शोधून काढणार!"

मी त्या काळात वर्षातून चार वाक्यं बोलायचो. त्यातलं एक त्या दिवशी खर्च केलं.

"साहेब, तुमच्या पेन्सिलीला टोपी छान बसलीय."

साहेबांनी पेन्सिलीवरची पुंगळी काढून मोजणीत टाकली. पास्कल एवढंच म्हणाला, "साहेब, आता त्या चटणीचं काय?"

*

मग हळूहळू जुन्या रायफली गेल्या, नव्या आल्या, आणि आमच्याकडे नव्या पुंगळीचा नमुना आला. तिला बाहेर आलेला काठ नव्हता, नुसती बुडाशी खाच. भोईरनं ती हातात घेतली, फिरवली आणि टेबलावर ठेवून दिली.

"काठाशिवाय लुगडं आन् काठाशिवाय काडतूस, मना दोन्ही बघवत नाय!"

देसलेसाहेब म्हणाले, "भोईर, तिला लढाईला जायचंय, लग्नाला नाही!"

सगळे हसले. भोईर हसला नाही. त्याचं काय होतं, की त्या काठानंच त्याला नोकरी, बायको, घर, सगळं दिलं होतं. काठ बरोबर निघाला का, हे तो न बघता अंगठ्याच्या नखानं सांगायचा. नव्या पुंगळीवर नख फिरवायला जागाच नव्हती.

*

थ्री नॉट थ्रीचा शेवटचा दिवस मला पक्का आठवतो. भोईरनं प्रेसला हार घातला, नारळ फोडला. आणि शेवटच्या पुंगळीच्या बुडाला बोटानं कुंकू लावलं.

ती पुंगळी फिरत फिरत माझ्या टेबलावर आली.

आता काय करायचं? ती बाहेर नेणं शक्यच नव्हतं. पास केली असती तर ती पुढं गेली असती, भरली गेली असती, कुठंतरी उडाली असती. पण डाग होता. डाग दिसला की बाजूला, हा नियम. मी ती बराच वेळ हातात धरून बसलो. कुंकू पुसून टाकावं असंसुद्धा वाटलं. पण त्यानं लावलेलं मी कसं पुसायचं? मी ती बाजूला टाकली. संध्याकाळी ती वितळायला गेली.

भोईर हात धुऊन आला आणि विचारलं, "गेली का रं सख्या नीट?"

"नाही. डाग होता."

गणपतीपासून शिमग्यापर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शिमग्याला समोरून आला, माझ्या तोंडाला गच्च गुलाल फासला आणि म्हणाला, "आता तूपन नापास!"

तेव्हापासून बोलतो. पण कधीकधी बाकावर बसल्या बसल्या त्याचा अंगठा बोटावर फिरत असतो, हातात नसलेल्या वस्तूवरून फिरावा तसा. मी तेव्हा दुसरीकडे बघतो.

*

आपण बनवलेलं वाजतं कसं, हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. पास्कल मात्र छातीठोकपणे सांगायचा, "मी ऐकलंय. माजिवड्याच्या नाक्यावर. ठाण्ण! एकच आवाज. थ्री नॉट थ्रीच, दुसरं काही नाय."

भोईरला हेवा वाटायचा. दर वेळी तो तेच विचारायचा. "कसा आवाज आला रं? घुमला का? लांब गेला का?" आणि पास्कल दर वेळी थोडा अजून घुमवायचा.

एकदा पास्कलची बायको फिलोमिनाबाई त्याची टोपी घेऊन बागेत आली. तिनं हे सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवला. "कसली रायफल? बटाट्याच्या टेम्पोचा टायर फुटलेला! हा माणूस फुटपाथवर आडवा झालेला, मीच उठवला याला!"

पास्कल टोपी घालत म्हणाला, "टायरनं पण काय आवाज दिला, बाबा!"

*

भोईरची नात सायली कॉलेजात जाते. आजोबांची इच्छा तिच्या कानावर होती. तिनं मोबाईलवर बंदुकीचा गेम लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

"ऐका आजोबा. आणि ह्यात पुंगळ्यापण पडतात."

भोईरनं ऐकलं. "पडल्यावर कुठं जातात?"

"कुठं नाही. गायब होतात."

"उचलत कोन नाय?"

"नाही."

"मोजत पन कोन नाय?"

"नाही हो आजोबा, गेम आहे तो!"

भोईरनं फोन परत दिला. "मंग त्यांना गेट लागत नसंल. चांगली नोकरी हाय!"

*

पास्कलच्या पुतण्याचा एक मित्र पोलिसात आहे. पास्कल त्याच्याकडे मुद्दाम गेला, घरचा केक घेऊन. म्हणाला, एक वापरलेली पुंगळी बघायला मिळेल का, फक्त हातात घ्यायला, लगेच परत देतो.

पोरगा चांगला होता, पण हे ऐकून ताडकन उभाच राहिला. "अंकल, जेवढ्या गोळ्या नेल्या तेवढ्या पुंगळ्या जमा करायला लागतात. एक हरवली तर माझी चौकशी लागते. तुम्ही दुसरं काहीपण मागा. माझी मोटरसायकल न्या!"

पास्कलनं हे येऊन सांगितलं तेव्हा भोईरनं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. आपनपन तसंच करत होतो." आणि काठी शोधायला लागला. काठी त्याच्या मांडीवरच होती. त्या दिवसापासून त्यानं विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही. पण बाकावरचं बोलणं जरा कमी झालं.

*

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी भोईरचा फोन आला. त्याच्या शेजारच्या गावात एक स्वातंत्र्यसैनिक आजोबा वारले होते. वय शंभरीला टेकलेलं. सरकारी इतमामात दुपारी अंत्यसंस्कार होते.

"सख्या, पोलीस आलेत सलामीला. सुनेला बघाला धाडली. तिला इचारलं, बंदूक लाकडाची हाय का? ती म्हनली, लाकडाची."

लाकडी दस्त्याच्या म्हणजे जुन्या रायफली, आमच्या थ्री नॉट थ्री. सलामीसाठी बाहेर काढलेल्या. मी पास्कलला फोन केला. तो लेंग्यावरच निघाला होता.

रिक्षा केली. शीळफाट्याला अडकलो. पास्कल सारखा रिक्षावाल्याच्या खांद्यावर थापट्या मारत होता, "बाबा, मयताला जायचंय रे."

रिक्षावाला म्हणाला, "काका, या ट्रॅफिकमधे मयतपण आपल्या मागंच असेल!"

पोचलो. भोईर सुनेचा हात धरून कुंपणापाशी उभा होता. स्वच्छ पांढरा सदरा. सलामी देणारे सहा पोलीस ओट्यावर होते, त्यांच्या उजव्या अंगाला आम्ही जरा उतारावर. तिरंगा काढून घडी झाली. हवालदारानं हुकूम दिला. सहा रायफली वर गेल्या.

पहिला बार झाला.

भोईरचे कान प्रेसच्या दणक्यांनी कधीच कमी झालेले. पण हा आवाज कानात येत नाही, छातीत येतो. पास्कलनं क्रूसाची खूण केली. मी भोईरकडे बघितलं. त्यानं सुनेचा हात सोडला होता, आणि दोन्ही हात पुढं धरले होते, प्रसादाला धरतात तसे.

दुसरा बार. तिसरा बार.

पुन्हा बोल्ट मागं ओढले गेले. पुंगळ्या ओट्यावर पडल्या, आणि त्यातली एक उतारावरून गोल गोल फिरत खाली आली आणि आमच्यासमोर गवतात थांबली. मी वाकलो. बोटांना चटका बसला. तशीच उचलली आणि भोईरच्या हातात ठेवली.

त्याची मूठ मिटली. अंगठा आत गेला. नख काठावरून एकदा फिरलं, पूर्ण गोल.

मी त्याच्या बोटांतून बुडाकडे बघितलं. ठसा आमचाच होता. साल वाचून सांगितलं. त्या साली आम्ही तिघंही कामावर होतो.

 भोईरचे ओठ हलत होते.

तिकडे घरच्यांचे विधी सुरू झाले. हवालदार रुमालात पुंगळ्या गोळा करत आमच्यापर्यंत आला. पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या. हात पुढं केला.

"बाबा, पुंगळी द्या."

"देतो साहेब."

मूठ उघडली नाही.

"बाबा, द्या. जमा करायचीय."

पास्कल मधे पडला. "साहेब, त्या बुडाचा काठ ह्यानं काढलाय. ठसा पण ह्यानंच मारलाय. एकोणतीस वर्षं एकाच मशीनवर होता हा."

हवालदारानं भोईरच्या डोळ्यांकडे बघितलं. मग मुठीकडे बघितलं.

भोईर म्हणाला, "गरम हाय अजून. गार झाली का देतो."

मागं व्हॅन सुरू झाली होती. सहाही जण रायफली घेऊन रांगेत उभे होते. त्यातल्या एकानं आवाज दिला, "सर, निघायचं ना?"

हवालदारानं रुमालाला गाठ मारली. आणि मागं वळून न बघता, मोठ्या आवाजात हुकूम सोडला,

"पार्टी... विश्राम!"