सोमवारचं सॅलड

मध्य भारत हे राज्य मोडून भोपाळ राजधानी असलेलं नवं राज्य व्हायचं होतं, तेव्हा मी ग्वाल्हेरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. भोपाळला कोणाला न्यायचं आणि कोणाला घरी बसवायचं, याची यादी आमचे साहेब करत होते. वडील संस्थानच्या पलटणीत होते. ते गेल्यावर आईने लोकांचे कपडे शिवून मला बी.ए. केलं. आमच्या घरात त्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं. यादीत माझं नाव लागावं म्हणून तिने सोळा सोमवार धरले होते. दिवसभर फक्त फळं आणि दूध.

मी साहेबांना आणि बाईसाहेबांना चहाला बोलावलं. त्या आठवड्यात सोमवारी सणाची सुट्टी होती, म्हणून त्यांनी नेमका तोच दिवस ठरवला. आई म्हणाली, "शिंगाड्याचा शिरा करते." मला ते गावंढळ वाटलं. आमच्या शिंदे की छावनी मोहल्ल्यात एक म्हातारे खानसामे राहत. संस्थानच्या पाहुणेबंगल्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्याकडून मी फळांचं सॅलड शिकून आलो. सफरचंद, सोललेली संत्री, अक्रोड, मनुका, आणि वर अंड्याचा बलक, राईची पूड, लिंबू आणि थेंबथेंब तेल घालून घोटलेलं पांढरं सॉस. तेलाची घाई केली की सॉस फाटतं, हे त्यांनी तीनदा बजावलं.

राई आमच्याकडे उपासाला चालायची. अंडंही एरवी आम्हांला वर्ज्य नव्हतं, पण सोमवारी ते घरात येत नसे. आई देवळात गेली तेवढ्यात मी ते आणलं, परसात बसून घोटलं आणि टरफलं कागदात गुंडाळून गल्लीबाहेर टाकून आलो. आई कुठे खाणार आहे, असं मनाशी म्हटलं. सॉस फाटलं नाही याचाच मला आनंद झाला होता.

बाईसाहेबांनी चमचा उचलला आणि विचारलं, "इसमें अंडा तो नहीं है न? हम लोग नहीं खाते."

"नहीं नहीं," मी म्हणालो, "मलाई है."

त्यांनी खाल्लं. साहेबांनी पुन्हा वाढून घेतलं. "भई, ये तो विलायती दावत हो गई!" मग दाराशी उभ्या असलेल्या आईला म्हणाले, "माताजी, आप भी लीजिए."

"आज मेरा उपास है, साहेब."

"तो क्या हुआ? फल-मेवा-मलाई ही तो है!"

आईने माझ्याकडे पाहिलं. "चालेल ना रे?"

तिला आत बोलावून सांगता आलं असतं. पोट बिघडेल, असं काहीही म्हणता आलं असतं. पण मला समोर बाईसाहेबांची रिकामी वाटी दिसत होती आणि साहेबांची यादी दिसत होती. मी म्हणालो, "चालेल की."

ती जमिनीवर बसून पाहुण्यांसमोर संकोचत चार घास खाऊन गेली. "राई जास्त झालीय," एवढंच हळूच म्हणाली.

यादीत माझं नाव आलं. सोळावा सोमवार झाल्यावर आईने गल्लीभर प्रसाद वाटला आणि प्रत्येक दारात सांगितलं, "महादेवानं ऐकलं." मी मागे परात धरून उभा होतो.

भोपाळला आल्यावरही तिचे सोमवार सुटले नाहीत. तिथे ती कौतुकाने माझं सॅलड करू लागली. साय फेटून, राई अगदी चिमूटभर. शेजारणींना सांगायची, "आमच्या मुलाचं हे. उपासाला चालतं." एकदा वाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "त्या दिवसासारखं दाट होत नाही बघ. तू काय केलं होतंस?"

"साय जास्त घोटली होती," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी ती पहाटेपासून साय घोटत बसली. शिवणकामाने तिचा उजवा खांदा आधीच दुखत असे. मी कचेरीला निघालो तेव्हाही ती घोटतच होती. मी चपला घातल्या आणि निघालो.