बाकी गुरुजींची मूळ संख्या

खर्डीजवळच्या आमच्या गावात आरशासमोर माणसं जितका वेळ उभी राहत नसतील, तितका वेळ बाकी गुरुजी एका संख्येसमोर बसत. संख्या होती २२,३०,९२,८७१. दोनपासून तेवीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या गुणायच्या आणि त्यात एक मिळवायचा, की ती येते. तेवीसपर्यंतच्या कुठल्याही मूळ संख्येनं भागलं तरी बाकी एकच उरते. पण पुढच्या कुणाचा भाग जातो का, हे गुरुजींना हातानं करून बघायचं होतं. म्हणून त्यांचं नाव बाकी गुरुजी.

सुरुवातीच्या साठेक मूळ संख्या त्यांनी सातवीत आम्हा पोरांना वाटल्या. माझ्या वाट्याला ३१७ आली. पोरांचं गणित ते पुन्हा तपासत नसत. "तपासलं तर पोर माज्यासाठी करतं, नाय तपासलं तर सोतासाठी," म्हणायचे.

मला म्हशाच्या जत्रेला जायचं होतं. मी मेलीनं भागाकार केलाच नाही. 'बाकी ५६' असं ठोकून दिलं.

पुढच्या संख्या गुरुजींनी एकट्यानं घेतल्या. गुरुवारी एक, रविवारी एक. भागायचं, मग गुणून पडताळायचं. संख्येचं वर्गमूळ चौदा हजार नऊशे छत्तीस, त्याच्या पुढे जायची गरज नव्हती, तरी सोळा वर्षं लागली. निवृत्त झाले, बायको गेली, वही चालूच. वाटेत भेटले की सांगायचे, "अजून फुटली नाय गो, नंदे."

मी मुरबाडकडे शिक्षिका झाले. एकदा एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर सहज ३१७ नं भागून बघितलं. बाकी शून्य. म्हणजे संख्या माझ्याच ३१७ पाशी फुटली होती. गुरुजी तेव्हा जेमतेम निम्म्यावर होते. तेव्हाच उतरून खर्डी गाठायला हवी होती मी. पण कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढच्या रविवारी सांगू, दिवाळीला सांगू, असं करत आठ वर्षं घालवली. मला माझीच चीड येते.

गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. हातात पेन ठरेना. सात भागाकार उरले होते. निरोप आला म्हणून रजा टाकून गेले. उशाशी बसून साती भागाकार केले, एकही आकडा न चुकवता, गुणून पडताळून. त्यांचा उपयोग शून्य आहे हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. शेवटची संख्या १४,९२९. बाकी ८,८२४.

"म्हंजे मूळ आहे ना गो?" त्यांनी विचारलं.

खरं ओठांवर आलं होतं. त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "हो, गुरुजी."

"तुमी पोरांनी सुरुवात चोख करून दिली, म्हून झालं," ते म्हणाले आणि पडल्या पडल्या त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी जोडू दिले.

चौथ्या दिवशी गुरुजी गेले.