दहा लिटरला दोन किलो समुद्र

आधी चहा संपवा. नंतर ठसका लागला म्हणून माझ्या नावानं ओरडू नका. कारण आता जो मूर्खपणा सांगणार आहे, तो अस्सल माझा आहे. त्यात दुसऱ्या कुणाचा कणभरही वाटा नाही.

तर मी भूम तालुक्यात कृषी सहाय्यक. एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मी शेतकऱ्यांना काय शिकवलं असेल ते असो, पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात अशी बसवली आहे की झोपेतून उठवून विचारा. बाजरी पेरायच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवायचं. दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ. रोगट आणि हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं चांगलं बी स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. दर उन्हाळ्याच्या शेवटी गावोगाव बादल्या मांडून हेच दाखवत फिरतो. लोक मला मीठवाले साहेब म्हणतात. मला त्याचा अभिमान होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या!

आमच्या बैठकीच्या खोलीत शंभर लिटरची काचेची टाकी आहे. टाकीत लालू राहतो. लालू म्हणजे आमचा गोल्डफिश. सहा वर्षांपूर्वी तुळजापूरहून येताना आमच्या मंडळींनी, म्हणजे मनीषानं, तो पाण्याच्या पिशवीतून एसटीत मांडीवर बसवून आणला. तेव्हा बोटाएवढा होता, आता तळहाताएवढा झालाय. आम्हाला मूलबाळ नाही. मनीषा सकाळी उठली की आधी लालूशी बोलते, मग देवाशी, आणि वेळ उरला तर माझ्याशी.

सगळं सुखात चाललं होतं. मग मी सोलापूरला साडूकडे गेलो.

साडू, म्हणजे विलासराव, यांच्याकडे समुद्री माशांची टाकी! केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे असे ऐटीत फिरत होते की मी चहा गार होईपर्यंत बघत बसलो. म्हटलं, "आम्ही पण करणार. टाकी तर आहेच घरी."

विलासराव हसले. "पाव्हणं, खाऱ्या पाण्याचं काम लई नाजूक. त्याचं मीठ वेगळं येतं, मोजायचं यंत्र वेगळं. तुम्हाला न्हाय जमायचं."

मिठाचं? मला? जमायचं नाही?

अहो, एखाद्या आचाऱ्याला कुणी सांगावं की तुला फोडणी येत नाही, तसं झालं माझं. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "येत्या रविवारी भूमला या. येताना दोन मासे घेऊन या. समुद्र तयार ठेवतो!"

घरी आल्यावर मनीषाला सांगितलं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"आन लालू कुठं जाणार?"

"कुठंच नाही. तोही तिथंच राहील. तीन मासे मिळून राहतील मजेत."

"त्याला सोसंल का खारं पाणी?"

"अगं, आपल्या भूमची पोरं मुंबईला जाऊन राहतात ना? सोसतंच की. सवयीचा प्रश्न आहे."

"बघा बरं का. माझ्या लालूला काय झालं, तर तुम्ही आन तुमचं मीठ, दोघंबी या घराच्या बाहेर."

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. माहिती काढायची म्हणून मोबाईलवर एक व्हिडिओही लावला. त्यातला माणूस इंग्रजीत फार बोलत होता. मी मधलं सगळं पुढं ढकललं आणि शेवटी मासे पोहताना पाहिले. झाला अभ्यास!

शनिवारी रशीदभाईंच्या किराणा दुकानात गेलो आणि वीस किलो मीठ मागितलं. हिशोब सरळ होता. दहा लिटरला दोन किलो, तर शंभर लिटरला वीस. यात यंत्र कशाला लागतं? एकोणीस वर्षांचा हात आहे!

रशीदभाईंनी एक शब्द विचारला नाही. "यंदा लई गावात बाजरी दाखवायलाव वाटतं साहेब," म्हणाले आणि पोतं स्कूटरवर बांधून दिलं. माणसाची कीर्ती कशी घात करते बघा. दुसरा कुणी असता तर त्याला निदान 'कशाला' तरी विचारलं असतं.

लालूची रवानगी झाली बादलीत. मी बाह्या सरसावून टाकीत मीठ ओतलं आणि लाटण्यानं ढवळत बसलो. टाकीच्या तळाशी एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या असायचा, सहा वर्षं जागचा न हललेला. मीठ विरघळलं तसा तो हळूहळू वर आला आणि पाण्यावर उताणा झोपला.

शहाण्या माणसानं इथंच थांबायला हवं होतं की नाही? मी काय केलं? पाणबुड्याच्या पायाला दगड बांधला.

मग बोट बुडवून चव घेतली. जीभ आत ओढली गेली, डोळ्यांतून पाणी आलं. शाळेच्या सहलीत एकदाच समुद्र पाहिला होता, तेव्हा लाटेनं तोंड भरलं होतं. तेही असंच खारट लागलं होतं असं मनाला पटवलं आणि निर्धास्त झालो.

रविवारी सकाळी विलासराव आले. हातात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात दोन पट्टेवाले मासे. आमचे घरमालक निवृत्तीमामाही शेजारून येऊन बसले. मामांची गावाकडं चार एकर बाजरी आहे. माझं एकही शिबिर त्यांनी चुकवलेलं नाही. दरवर्षी पहिल्या रांगेत बसून तेच ऐकतात आणि दरवर्षी मान डोलावतात.

टाकी स्वच्छ चमकत होती. विलासरावांनी लांबूनच मान हलवली. "दिसायला तर झकास हाय पाव्हणं. हातपाय धुऊन येतो, मग मीठ मोजू." आणि गेले न्हाणीत.

मोजू? म्हणजे अजून संशय आहेच! मी म्हटलं, हे बाहेर येईपर्यंत दाखवूनच देऊ. शिवाय पाहुण्या माशांच्या आधी घरातल्या मोठ्याचा मान. लालूला ओंजळीत घेतलं, मनीषाकडं बघून हसलो आणि टाकीत सोडलं.

लालू आत गेला. आणि ज्या वेगानं गेला त्याच्या दुप्पट वेगानं वर आला! बुचासारखा!

आडवा पडला. शेपटी आपटून खाली जायला बघतोय, पाणी त्याला वर ढकलतंय. अर्धं अंग बाहेर, तोंड वासलेलं.

"अहो! अहो, काय झालं त्याला?" मनीषा किंचाळली.

आणि मी? मी सरकारी आवाजात म्हणालो, "थांब. रुळतोय."

आता खरं सांगतो, तोंडातून ते वाक्य आलं, पण हात उचलेना. समोर लालू तडफडतोय, शेजारी मनीषा रडतेय आणि मी आपला खांबासारखा उभा!

तेवढ्यात निवृत्तीमामा उठले. चहाची बशी खाली ठेवली, सदऱ्याची बाही वर केली, दोन्ही तळव्यांनी लालूला अलगद वरच्या वर उचललं.

"साहेब, तरंगलेलं लगीच काढायचं! तुम्हीच सांगताव की!"

आणि सोडला बादलीतल्या गोड्या पाण्यात. तेवढ्यावर मामा थांबले नाहीत. "आता दोनदा धुवायचं," असं म्हणत त्यांनी लालूला दुसऱ्या बादलीत घेतलं, तिथून पुन्हा पहिलीत. मग इकडंतिकडं बघून शांतपणे विचारलं, "सावली कुठं हाय?"

"न्हाय मामा!" मनीषानं बादलीवर अंगच टाकलं. "वाळवायचं न्हाय त्याला!"

विलासराव टॉवेल घेऊन धावत आले. टाकीत बोट बुडवलं, चाखलं आणि खिडकीतून थुंकले.

"किती टाकलाव मीठ?"

"दहा लिटरला दोन किलो," मी हळूच सांगितलं.

"अवो पाव्हणं, समुद्रात दहा लिटरला साडेतीनशे ग्रॅम असतंय! आन हा गोड्या पाण्याचा जीव, त्याला तेवढंबी सोसत न्हाय. हे काय केलाव तुम्ही? लोणचं घातलाव का?"

त्यांनी आपली पिशवी टाकीपासून जितकी लांब नेता येईल तितकी नेली आणि मांडीवर घेऊन बसले.

लालू बादलीच्या तळाशी निपचित पडला होता. कल्ले तेवढे हलत होते. मनीषानं माझ्याकडं पाठ फिरवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी बादलीशेजारी जमिनीवर बसून राहिलो. एका माशासाठी इतका जीव खाली-वर होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तासाभरानं लालू हलला, वर आला, आणि मनीषाच्या बोटाशी रोजच्यासारखं तोंड उघडझाप करायला लागला. खायला मागत होता, पठ्ठ्या! मी डोळे पुसले. मीठ गेलं होतं डोळ्यात, असं सांगितलं.

विलासराव मासे घेऊन परत गेले. उरली ती शंभर लिटर खारी टाकी.

मामा टाकीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "साहेब, हे पाणी सांडू नका. पेरण्या तोंडावर आल्यात. माझं बियाणं तयार हाय घरात."

मामांनी बातमी फिरवली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दारात बियाण्याच्या पिशव्या घेऊन रांग! बादलीत कधी नीट दिसायचं नाही, काचेतून सगळं दिसतंय. चांगलं बी झरझर खाली, हलकं वर. लोक वाकून वाकून बघत होते, टाळ्या वाजवत होते. एकोणीस वर्षांतलं माझं सगळ्यात यशस्वी प्रात्यक्षिक माझ्याच बैठकीत झालं.

आता टाकीत पुन्हा गोडं पाणी आहे, लालू आहे आणि पाणबुड्या तळाशी आहे. त्याच्या पायाचा दगड मनीषानं सोडू दिलेला नाही. आठवण म्हणून राहू दे म्हणते.

आणि मी? चार पाहुणे जमले, माझा आवाज जरा चढला, मी 'आमचा एकोणीस वर्षांचा अनुभव' म्हणायला लागलो, की स्वयंपाकघरातून मनीषा हाक मारते,

"मामा, या बरं जरा. आमचं हलकं बियाणं परत वर आलंय, तेवढं काढून टाका!"